प्रारंभक्रम, सॉफ्टवेअर घटकांचा

मोठा संगणक-अनुप्रयोग अनेक स्वतंत्र घटकांचा (मॉड्यूलांचा) बनलेला असतो. हे घटक कोणत्या क्रमाने कार्यान्वित व्हावेत हे ठरविण्याच्या व तो क्रम पाळला जाईल अशी हमी देण्याच्या व्यवस्थेस प्रारंभक्रम-नियंत्रण असे म्हणतात. घटकांचे व्यवस्थापन ‘धारक’ किंवा कंटेनर या मध्यस्थ कार्यक्रमाकडे असते. धारक घटकांना स्मृतीत आणतो, त्यांना लागणारी साधने पुरवितो, त्यांना सुरू करतो व अखेरीस बंद करतो. जावा भाषेतील अनुप्रयोग-सर्व्हर, ओएसजीआय व स्प्रिंग या चौकटी ही धारकांची परिचित उदाहरणे होत.

क्रमाची आवश्यकता : एका घटकास दुसऱ्याची सेवा लागते, तेव्हा पहिला दुसऱ्यावर अवलंबून आहे असे म्हणतात. उदा., बँकेच्या एखाद्या अनुप्रयोगात पुढील पाच घटक आहेत असे मानू : (अ) मांडणीविषयक माहिती वाचणारा, (आ) माहितीसाठ्याशी जोडणी करणारा, (इ) नोंदी ठेवणारा, (ई) खात्यांचे व्यवहार करणारा व (उ) ग्राहकांच्या विनंत्या स्वीकारणारा. यांपैकी आ व इ यांना अ लागतो. ई या घटकास आ व इ हे दोन्ही लागतात आणि उ हा ई वर अवलंबून असतो. पाच घटक एकापाठोपाठ एक मांडण्याचे १२० प्रकार संभवतात. परंतु वरील अटी पाळणारे क्रम फक्त दोनच आहेत : अ-आ-इ-ई-उ आणि अ-इ-आ-ई-उ.

क्रम निर्दिष्ट केलेला नसेल, तर धारक स्वतःच्या सोयीने तो ठरवितो. या स्थितीतील मुख्य धोका असा की, चुकीची व्यवस्थाही योगायोगाने चालू शकते. विकसकाच्या यंत्रावर सुरळीत चाललेला अनुप्रयोग अधिक वेगाच्या यंत्रावर किंवा धारकाच्या नव्या आवृत्तीत सुरूच होत नाही. किंबहुना तो कधी सुरू होतो व कधी होत नाही. असा दोष पुन्हा घडवून आणणे कठीण असल्याने तो शोधणेही कठीण जाते.

गणिती आधार : घटक हे बिंदू व अवलंबन हे बाण मानले, म्हणजे एक दिशायुक्त आलेख मिळतो. त्यातील सर्व बाणांशी सुसंगत अशी बिंदूंची रांग लावणे यास टोपॉलॉजिकल क्रमवारी म्हणतात. ए. बी. कान यांनी १९६२ मध्ये तिची एक सुलभ रीत प्रसिद्ध केली. जो घटक कोणावरही अवलंबून नाही तो प्रथम निवडावयाचा, त्याच्याशी निगडित बाण पुसावयाचे व उरलेल्या आलेखावर हीच कृती पुनःपुन्हा करावयाची. या रीतीस लागणारा वेळ बिंदू व बाण यांच्या एकूण संख्येच्या प्रमाणात वाढतो. घटक शिल्लक असताना असा मुक्त घटक मिळेनासा झाला, तर आलेखात चक्र आहे असे सिद्ध होते. म्हणजे काही घटक परस्परांची वाट पाहत असतात व कोणताही क्रम शक्य नसतो. अशा वेळी घटकांची रचनाच बदलावी लागते.

नियंत्रणाच्या पद्धती : पहिली पद्धत अनुक्रमांकांची. जावा सर्व्हलेटांना प्रारंभासाठी पूर्णांक देता येतो व लहान अंकाचा सर्व्हलेट आधी सुरू होतो. ओएसजीआयमधील प्रारंभ-पातळ्या याच तत्त्वावर आहेत. दुसरी पद्धत यादीची. २००९ मध्ये आलेल्या जावा ईई ६ या मानकानुसार अनुप्रयोगाच्या वर्णन-फाइलीत ‘इनिशियलाइझ-इन-ऑर्डर’ हे मूल्य ‘ट्रू’ ठेवल्यास घटक यादीतील क्रमाने सुरू होतात (ग्राहक-अनुप्रयोगाचे घटक यास अपवाद आहेत). अन्यथा क्रम अनिश्चित राहतो. तिसरी पद्धत अवलंबन घोषित करण्याची. त्याच वर्षीच्या ईजेबी ३.१ मानकातील ‘डिपेंड्सऑन’ या निर्देशाने एखाद्या सिंगलटन घटकापूर्वी कोणते सिंगलटन घटक सिद्ध असावेत हे सांगता येते.

अंक व यादी या पद्धती सोप्या आहेत; तथापि त्या केवळ क्रम सांगतात, त्यामागील कारण सांगत नाहीत. काही वर्षांनी नवा घटक घालताना कोणता अंक बदलणे सुरक्षित आहे, हे मूळ रचनाकाराखेरीज इतरांस कळत नाही. घोषित अवलंबनात कारण लिखित स्वरूपात टिकते. शिवाय परस्परांशी असंबद्ध घटक एकाच वेळी सुरू करता येतात. वरील उदाहरणात घटकांना अनुक्रमे २, ६, ३, ४ व १ सेकंद लागत असतील, तर एकेक करून १६ सेकंद लागतात. आ व इ एकदम सुरू केल्यास १३ सेकंद पुरतात.

मर्यादा : ‘सुरू होणे’ व ‘सेवेस सज्ज होणे’ या भिन्न अवस्था आहेत. डॉकर कंपोझमध्ये अवलंबनाचा साधा निर्देश दिल्यास आधीचा कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबले जाते. त्यातील माहितीसाठा सज्ज होईपर्यंत थांबावयाचे असल्यास सुस्थिती-तपासणीची अट स्वतंत्रपणे घालावी लागते. तसेच चालू असताना एखादी सेवा मध्येच खंडित झाली, तर प्रारंभीचा क्रम निरुपयोगी ठरतो. म्हणून घटकांत पुन्हा प्रयत्न करण्याची क्षमता ठेवणे इष्ट असते.

अनुप्रयोग बंद करताना क्रम उलटा असावा लागतो. माहितीसाठ्याची जोडणी आधी तुटली, तर अपुरे व्यवहार लिहिले जात नाहीत व माहिती गमावण्याचा संभव असतो. प्रारंभीची चूक बहुधा लगेच उघड होते, समाप्तीची मात्र हिशेब जुळेनासा झाल्यावरच लक्षात येते. म्हणून दोन्ही क्रमांची चाचणी घेणे आवश्यक आहे.