खेळण्यामागचा कामगार

नव्वदच्या दशकात शहरांतल्या फुटपाथवर एक खेळणे मिळू लागले. हातात मावेल एवढे प्लॅस्टिकचे यंत्र, राखाडी पडदा आणि वरून पडणाऱ्या विटा. आम्ही त्याला ‘ब्रिक गेम’ म्हणत असू. आम्हा तिघा भावंडांत एकच होता. पाळी लावून खेळायचो. सेल संपले की बाबांकडे पैसे मागायची छाती होत नसे. मग सेल उन्हात ठेवायचे, दाताने चावायचे आणि आणखी दोन डाव काढायचे.

एकदा तो बंद पडला. धाकट्याने पेचकस घेऊन तो खोलला. आत काय आहे, एवढेच त्याला बघायचे होते. मी मोठा म्हणून त्याला मारले. पुढे हातातल्या खेळांचा इतिहास वाचला, तेव्हा ती थप्पड मलाच लागली.

जपानमधील क्योतो शहरात निन्टेन्डो ही पत्ते बनवणारी कंपनी होती. १९६५ साली गुनपेई योकोई हा तरुण तेथे यंत्रांच्या देखभालीच्या कामावर लागला. फावल्या वेळात त्याने लांब होऊन वस्तू पकडणारा एक हात बनवला. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि तेच खेळणे बाजारात आणायला सांगितले. १९६६ साली आलेले ते ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांवर खपले.

पुढे आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला योकोईंना दिसला. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ निघाले. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीत स्वस्त झालेले पडदेच त्यांनी त्यात वापरले. १९८९ साली ‘गेम बॉय’ आला. त्याला रंग नव्हता. प्रतिस्पर्धी यंत्रांचा पडदा रंगीत होता, पण ती सहा सेल थोड्याच तासांत खात. गेम बॉय मात्र चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले. जुनी, स्वस्त झालेली वस्तू नव्या तऱ्हेने वापरा, हेच योकोईंचे सूत्र होते. पुढच्या रंगीत गेम बॉयसह हे यंत्र जगभरात अकरा कोटींवर खपले.

आपल्या ब्रिक गेममधील पडत्या विटांचे मूळ ‘टेट्रिस’ या खेळात आहे. तो मॉस्कोच्या अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तयार केला आणि गेम बॉयने तो घरोघरी नेला.

योकोई १९९७ साली रस्त्यावरील अपघातात गेले. वय अवघे ५६.

बंधू-भगिनींनो, महागडी वस्तू मुलांना देता आली नाही म्हणून मन लहान करू नका. पण घरातले मूल बंद पडलेला रेडिओ किंवा खेळणे खोलून बसले, तर सेल काढून ठेवा, विजेच्या बटणापासून त्याला दूर बसवा आणि शेजारी बसून विचारा, “आत काय दिसले रे?” मी माझ्या भावाला हे विचारले नाही. तुम्ही आपल्या लेकरांना जरूर विचारा.