एकलव्यांची मैफल

गाणारा गेल्यावर त्याच्या गाण्याचे काय करायचे, हा वाद आपल्या घरांना नवा नाही. बालगंधर्वांच्या पदांवरून किती दिवाणखान्यांत चहा निवून गेला असेल, याची गणती नाही. एक पक्ष म्हणतो, पद जसेच्या तसे म्हणा, एक हरकत इकडची तिकडे होता कामा नये. दुसरा विचारतो, मग तबकडीच का लावू नये? दोघांचेही थोडेथोडे खरे असते, म्हणून वाद मिटत नाही. नेमका हाच वाद अमेरिकेतही चालतो. फरक इतकाच, की तिथे तो दिवाणखान्यात न होता पुष्कळदा उघड्या माळावर, हजारोंच्या समक्ष, वाद्ये हाती घेऊन होतो.

तिकडे 'ट्रिब्यूट बँड' म्हणून एक प्रकार आहे. एखाद्या गाजलेल्या वाद्यवृंदाची गाणी त्याच ढंगाने सादर करणारा दुसरा वृंद, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात एकाच रात्री लता, रफी, किशोरकुमार सारेच भेटतात. ही मंडळी मात्र एकाच दैवताची उपासक. त्यांतला एक ठळक नमुना म्हणजे १९९७ साली शिकागोत सुरू झालेला 'डार्क स्टार ऑर्केस्ट्रा'. त्याचे दैवत 'ग्रेटफुल डेड'.

नाव विचित्र खरे, पण या 'ग्रेटफुल डेड'ने १९६५ पासून तीस वर्षांत सुमारे २,३०० जलसे केले. त्यांचा प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी वारला आणि तो संसार आटोपला. या मंडळींची खासियत अशी, की दोन रात्री कधी सारख्या जात नसत. एखादे गीत आज पाच मिनिटांत संपे, तर उद्या तेच वीस मिनिटे चाले. शिवाय श्रोत्यांनी जलसा ध्वनिमुद्रित केला तर त्यांची हरकत नसे. उलट १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळी जागाच राखून ठेवली. अशा ध्वनिफिती घराघरांत साठल्या आणि शौकिनांत हातोहात फिरल्या.

'डार्क स्टार'ची मंडळी या साठ्यातून एखादी रात्र निवडतात आणि त्या रात्रीची सारी गाणी त्याच क्रमाने सादर करतात. रंगमंचाची मांडणी आणि वाद्येही त्या काळाला धरून असतात. ही कोणत्या गावची, कोणत्या तारखेची रात्र, हे अगदी शेवटी जाहीर होते. तोवर जाणते श्रोते शब्दकोडे सोडवावे तसे तर्क लढवीत बसतात.

कोणी म्हणेल, ही तर निव्वळ नक्कल! पण इथेच मेख आहे. ज्यांचे अर्धे गाणे आयत्या वेळी सुचलेले, त्यांची नक्कल करणार तरी कशी? क्रम उचलता येतो, वाद्यांचा नाद साधता येतो. त्यापुढचे ज्याचे त्याला सुचावे लागते. या मंडळींपुढे गुरू नव्हता, त्याची ध्वनिफीत होती. एकलव्यापुढे द्रोणाचार्यांची मातीची मूर्ती होती, तशीच. आणि या कथेत गुरूच्या घरच्यांनी अंगठा मागितला नाही. 'डेड'च्या जुन्या मंडळींपैकी कित्येकजण त्यांच्यासोबत वाजवून गेले. आणि २००९ साली फिल लेश व बॉब वेअर यांनी नवा संच काढला, तेव्हा 'डार्क स्टार'चा संस्थापक गिटारवादक जॉन कॅडलेसिक यालाच गार्सियाच्या जागी बोलावून घेतले.

२०१२ पासून ही मंडळी ओहायो राज्यातील थॉर्नव्हिल येथे मे महिन्याच्या अखेरीस आपली स्वतःची जत्रा भरवू लागली. मोकळे माळरान, राहुट्या, गवतावर पसरलेली कांबळी. मूळ संच ऐकलेले आजोबा आणि गार्सिया वारल्यावर जन्मलेला नातू एकाच कांबळ्यावर बसू शकतात, ते अशाच ठिकाणी. उघड्यावर तंतुवाद्यांची मात्र परीक्षा असते. भिंती नाहीत, त्यामुळे नाद परतून येत नाही. आणि संध्याकाळचा गारवा उतरला की तारा उतरू-चढू लागतात. दोन गाण्यांच्या मध्ये खुंट्या पिळणे आलेच.

'डार्क स्टार'बरोबर वाजवून गेलेल्या पाहुण्यांत एक नाव आहे पीटर रोवन यांचे. त्यांचा जन्म १९४२ चा, आणि त्यांचे क्षेत्र 'ब्लूग्रास'. हा प्रकार रॉकचा नव्हे, खेड्यातला. मँडोलिन, फिडल म्हणजे व्हायोलिन, बँजो, गिटार आणि उभा बास. ढोल-ताशाचे नाव नाही. ठेका धरायचा तो मँडोलिनने, तारांवर आखूड आघात करून. बँजोला पाचवी आखूड तार असते. आपल्या सतारीच्या चिकारीसारखी ती मधूनमधून एकच सूर देत राहते. एकेक वादक पुढे येऊन आपली फिरत दाखवतो आणि मागे सरतो. फिडल युरोपातून आलेल्यांनी आणले, बँजोचे मूळ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वाद्यात. या मिश्रणाला घाट दिला केंटकीच्या बिल मन्रो यांनी. ते १९११ साली जन्मले आणि १९९६ साली गेले. त्यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या संचावरूनच प्रकाराला नाव पडले. या संचातून कितीतरी वादक तयार होऊन बाहेर पडले. आपल्या भाषेत याला घराणे म्हणतात. रोवन १९६० नंतरच्या दशकात याच घराण्यात मन्रोंच्या शेजारी उभे राहून गिटार वाजवीत आणि गात.

आता गंमत पाहा. खुद्द गार्सियाचे सुरुवातीचे वेड बँजोचे होते. १९६४ साली हा तरुण एका मित्राला घेऊन कॅलिफोर्नियाहून मोटारीने निघाला आणि इंडियाना राज्यात बीन ब्लॉसम येथे मन्रोंच्या जलशाला पोचला. आपल्याला संचात घ्या, एवढे एकच मागणे मनात होते. पण गुरू समोर दिसला आणि बोलण्याचे धैर्य झाले नाही. गार्सिया रिकाम्या हाताने परतला. मित्राला मात्र त्याच उन्हाळ्यात थोडे दिवस मन्रोंच्या संचात जागा मिळाली! पुढे १९७३ साली, 'डेड' गाजत असतानाच, गार्सियाने पुन्हा बँजो हाती घेतला. सोबत रोवन, मँडोलिनवर डेव्हिड ग्रिसमन, बासवर जॉन कान आणि मन्रोंकडे वाजवून आलेले फिडलवादक व्हासर क्लेमंट्स. 'ओल्ड अँड इन द वे', म्हणजे म्हातारे आणि वाटेतली अडचण, असे नाव या संचाने थट्टेने घेतले. सॅन फ्रान्सिस्कोतील त्यांच्या एका मैफलीची तबकडी १९७५ साली निघाली आणि रॉकच्या असंख्य श्रोत्यांना ब्लूग्रासची गोडी तिच्यामुळे लागली. जे मन्रोंकडे मागायचे राहून गेले होते, ते गार्सियाला मन्रोंच्या शिष्यांकडून मिळाले.

म्हणून असा पाहुणा येतो तेव्हा 'चांगले वाजवणारा आणखी एक' एवढाच त्याचा अर्थ नसतो. मूर्तीपुढे शिकलेल्यांच्या ओळीत गुरूपुढे बसलेला येऊन उभा राहतो. मग ध्वनिफितीतला क्रम बाजूला ठेवावा लागतो. दोन-दोन ढोलवादकांच्या संचाला हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर मँडोलिनचा नाजूक ठेका बुडून जाईल. कोणी केव्हा पुढे यायचे, हे पाहुणा मानेच्या इशाऱ्याने सांगतो, आणि तो इशारा कोणत्याही फितीत मुद्रित झालेला नसतो.

समोरासमोर शिकण्याचे हे मोल 'डेड'च्या मंडळींना मुंबईच्या तबल्यानेही शिकवले होते. त्यांचा ढोलवादक मिकी हार्ट १९६७ च्या सुमारास उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तालाचे धडे घेऊ लागला. १९७६ साली त्याने अल्लारखाँचे चिरंजीव झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'दिगा' ही तबकडी काढली. तिच्यात गार्सियाचीही गिटार आहे. माहीमच्या घरात तबला शिकलेल्या झाकीरभाईंनी पुढे बँजोवादक बेला फ्लेक यांच्याबरोबरही मैफली रंगवल्या. त्या दोघांच्या, एडगर मेयर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासह केलेल्या तबकडीला २०२४ साली ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले.

मन्रोंच्या शेजारी उभे राहून वाजवलेली माणसे आता थोडी उरली आहेत. रोवन यांना २०२२ साली ब्लूग्रासच्या मानकऱ्यांत स्थान मिळाले, तेव्हा त्यांनी ऐंशी गाठली होती. ध्वनिफिती राहतील. पण फितीला "हे असे का?" म्हणून विचारता येत नाही, आणि आपले चुकले तर ती भुवई उंचावत नाही. 'तबकडीच लावा' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचे ते एवढेच. मात्र एकलव्यांनी गाणे धरून ठेवले नसते, तर या पाहुण्याला हजारोंचा माळ तरी कुठून मिळाला असता, हेही विसरता येत नाही.

आपल्या घरी एखादी आजी जात्यावरच्या ओव्या जाणते, एखादे काका भजनात पखवाज धरत असत. दिवाळीला माणसे जमतात, फराळाची ताटे फिरतात आणि कुणीतरी मोबाईल पुढे करून म्हणते, "आजी, म्हणा ना, रेकॉर्ड करते." जरूर करावे. पण एकदा तो मोबाईल बाजूला ठेवून, समोर बसून, त्यांच्याबरोबर म्हणूनही पाहावे. चुकलो तर आजी थांबवतील, आणि तेवढेच शिकणे फितीत येत नाही.