पडदा पाहून कार्ड घ्यावे

पेडणे तालुक्यातील कोरगावसारख्या गावात काजूच्या हंगामाचे चार पैसे हाती आले, की घरातील मुलगा संगणकावरील खेळांसाठी ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरतो. म्हापशाचा बाजार गाठण्यापूर्वी थोडे गणित केल्यास ते पैसे सत्कारणी लागतात.

संगणकाचा पडदा म्हणजे प्रकाशबिंदूंची जाळी होय. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख बिंदू असतात; १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ते वीस लाखांवर जातात. अर्थात लहान पडद्यावर बिंदू रंगविण्याचे काम निम्म्यावर येते. शिवाय साधा पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवितो. महागड्या कार्डाने काढलेली अधिक चित्रे डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. प्रोसेसरच मंद असेल, तर नव्या कार्डाने फारसे काही साधत नाही.

२०१९ साली आलेले जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटांचे कार्ड अशा पडद्याला पुरेसे आहे. २०२२ चे आरएक्स ६४०० त्याहून कमी वीज घेते; मात्र जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग घटतो. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरात चित्रशक्ती अंगभूतच असते. हलक्या खेळांना तेवढी पुरते. जुन्या पडद्याला केवळ व्हीजीए जोडणी असल्यास नव्या कार्डासोबत रूपांतरकही घ्यावा लागतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश येथेही तितकाच खरा ठरतो.