खुनांची अदलाबदल आणि अडलेली कादंबरी

लॅरी डोनरची कादंबरी पहिल्याच वाक्यावर अडली आहे. रात्र कशी होती, एवढंच त्याला सांगायचंय, पण नेमकं विशेषण काही केल्या सुचत नाही. त्याची आधीची कादंबरी घटस्फोटित बायको मार्गारेटनं स्वतःच्या नावावर छापली, ती धडाक्यात खपली आणि आता बाईसाहेब ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात झळकताहेत. लॅरी मात्र एका कॉलेजात हौशी मंडळींना लेखन शिकवतो. 1987च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘थ्रो ममा फ्रॉम द ट्रेन’ इथून सुरू होतो. लॅरी झालाय बिली क्रिस्टल, तर त्याचा विद्यार्थी ओवेन झालाय डॅनी डेव्हिटो. मोठ्या पडद्यासाठी डेव्हिटोनं दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. पटकथा स्टू सिल्व्हरची.

लॅरीच्या वर्गात एक बाई पाणबुडीवर कथा लिहिते. पण पाणबुडीतल्या एकाही उपकरणाचं नाव तिला ठाऊक नाही. ओवेनची रहस्यकथा जेमतेम काही पानांची. पात्रं दोन, त्यातलं एक मरतं, मग खुनी कोण हे वाचकाला वेगळं सांगायला नको. लॅरी त्याला समजावतो, की रहस्यकथेत खुनाला हेतू लागतो आणि खुन्याला गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे असल्याचा पुरावा लागतो. त्यासाठी हिचकॉकचा चित्रपट बघ, असंही सुचवतो. ओवेन ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ बघून येतो आणि त्याला वाटतं, गुरुजींनी आपल्याला खुणेनं काही सांगितलंय. तू माझ्या आईला मार, मी तुझ्या बायकोला मारतो. दोघांकडेही हेतू नाही, मग पोलिसांना सुगावा लागणार कसा?

या अदलाबदलीचा वंश मोठा रंजक आहे. मूळ कल्पना पॅट्रिशिया हायस्मिथची. 1950 साली आलेल्या तिच्या पहिल्याच कादंबरीत गाय हा वास्तुविशारद ब्रूनोच्या जाळ्यात सापडतो आणि अखेर आपल्या वाट्याचा खून खरोखरच करतो. पुढच्याच वर्षी हिचकॉकनं त्यावर चित्रपट काढला. त्यानं गायला टेनिसपटू केलं आणि त्याचे हात स्वच्छ ठेवले. पटकथेसाठी आधी रेमंड चँडलरला घेतलं होतं, पण दोघांचं बिनसलं आणि काम झेन्झी ऑर्मंडकडे गेलं. म्हणजे ठरलेल्या दोन खुनांपैकी कादंबरीत दोन्ही होतात, हिचकॉककडे एकच होतो आणि डेव्हिटोकडे एकही होत नाही. मार्गारेट समुद्रात पडते खरी, पण वाचते. मधल्या काळात मात्र लॅरीची पुरती कोंडी होते. बायको मरावी असं तो चारचौघांत ओरडलेला असतो, म्हणून पोलीस त्याच्यामागे लागतात.

ओवेनच्या आईची भूमिका अॅन रॅमझीची. घशाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेमुळे तिचं बोलणं अडखळत झालं होतं. तोच आवाज तिनं या कजाग म्हातारीला दिला. सहायक अभिनेत्री म्हणून तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि 1988च्या ऑगस्टमध्ये ती गेली.

या दंग्यात एक प्रसंग असा येतो, की हसू मागे पडतं. ओवेन लॅरीला आपला नाण्यांचा संग्रह दाखवायला बसतो. लॅरीला वाटतं, काहीतरी दुर्मिळ असेल. निघतात ती साधी, रोजच्या वापरातली सुटी नाणी. ओवेन एकेक उचलतो आणि कुठलं कधी मिळालं ते सांगतो. वडिलांनी कार्यक्रमाला नेलं, खाऊ घेतला, उरलेली मोड त्याला ठेवू दिली. वडील आता नाहीत. लॅरी गप्प होतो. स्वतःचं दुःख सोडून दुसऱ्याकडे त्यानं नीट पाहिलंय, असं चित्रपटात पहिल्यांदा इथं घडतं.

मला हा प्रसंग चित्रपटाचा कणा वाटतो. पाणबुडीवाल्या बाईला आपल्या कथेतल्या वस्तू माहीत नाहीत, लॅरीला मार्गारेटवरच्या रागापुढे माणसंच दिसत नाहीत. ओवेनला धड गोष्ट लिहिता येत नसली, तरी प्रत्येक नाण्यामागचा माणूस तो ओळखतो. गुरूकडे नेमकं जे नाही, ते या शिष्याकडे आहे.

पुढे पोलिसांना चुकवत लॅरी या मायलेकांसोबत आगगाडीनं निघतो, तिथं तो पुन्हा त्याच वाक्यावर अडतो आणि म्हातारी सहज बोलता बोलता ते विशेषण फेकते. नेमकं तेच! लॅरीचं डोकं फिरतं आणि इतका वेळ खुनाला नकार देणारा हा माणूस तिच्यावर धावून जातो. शेवटी तीच त्याला लाथ घालून गाडीबाहेर लोटते. लॅरीचा पाय मोडतो, पण कादंबरी मार्गी लागते. तिचा विषय ओवेन, त्याची आई आणि हा सगळा गोंधळ. ओवेनचंही पुस्तक निघतं, उघडताच चित्रं उभी राहणारं, मुलांसाठीचं.

रहस्यपटात आपण खुनी कोण ते शोधतो. इथं लॅरीला त्याचा विषय सापडतो, आणि तो सापडतो ज्याला त्यानं बावळट म्हणून बाजूला सारलं होतं त्याच माणसात. लिहिणाऱ्याला विशेषण आज ना उद्या सुचतं, कुणी आयतंही देतं. समोरच्या माणसाची कदर मात्र ज्याची त्यालाच शिकावी लागते. इतकी मोलाची गोष्ट डेव्हिटोनं खदखदून हसवत सांगितली, म्हणून हा चित्रपट लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी आवर्जून पाहावा.