विश्लेषण : तेच ते सूर, तरी श्रोते खिळून का राहतात? मिनिमलिस्ट संगीत आणि भारताचे नाते काय?

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये १८ जानेवारी १९७३ रोजी स्टीव्ह राइश यांची ‘फोर ऑर्गन्स’ ही रचना सुरू असताना श्रोत्यांनी अक्षरशः आरडाओरडा केला. चार ऑर्गनवर एकच स्वरसमूह हळूहळू लांबत जातो आणि सोबत खुळखुळ्यांसारख्या माराकसचा ठेका अखंड चालू राहतो, एवढेच या रचनेत होते. ‘यात काहीच घडत नाही’ म्हणून ज्या शैलीला विरोध झाला, तीच आज चित्रपट, जाहिराती आणि मोबाइलवरील प्लेलिस्टमध्ये सर्रास ऐकू येते.

मिनिमलिस्ट संगीत म्हणजे काय?

मोजके सूर, स्थिर लय, पुनरावृत्ती आणि अत्यंत संथ बदल ही या शैलीची लक्षणे. राइश यांच्या ‘पियानो फेज’ (१९६७) या रचनेत दोन पियानोवादक १२ सुरांची एकच छोटी सुरावट वाजवतात. मग त्यातील एक जण वेग किंचित वाढवतो आणि दुसऱ्याच्या एक सूर पुढे जातो. असे करत करत दोघे पुन्हा एकत्र येतात. सुरावट तीच, पण दोघांच्या बदलत्या अंतरातून कोणीही न वाजवलेल्या नव्या चाली कानाला जाणवू लागतात. संगीत ‘कमी’ केले जाते ते यासाठीच. एरवी निसटून जाणारा बारीकसा बदल ऐकू यावा, हा त्यामागचा हेतू असतो.

सुरुवात कशी झाली?

अमेरिकेतील ला माँट यंग, टेरी रायली, स्टीव्ह राइश आणि फिलिप ग्लास हे या प्रवाहाचे चार प्रमुख शिलेदार. रायली यांची ‘इन सी’ ही रचना नोव्हेंबर १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्रथम सादर झाली. तिच्यात फक्त ५३ छोट्या सुरावटी आहेत. कोणती सुरावट किती वेळा वाजवायची, हे प्रत्येक वादकाने स्वतः ठरवायचे. त्यामुळे प्रत्येक प्रयोग वेगळा होतो. त्या काळी विद्यापीठांत प्रतिष्ठा होती ती गणिती, गुंतागुंतीच्या रचनांना. त्या वातावरणात साधी लय आणि कानाला गोड सूर परत आणणे ही बंडखोरीच होती. बंडाची किंमतही मोजावी लागली. ग्लास यांच्या ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’चे प्रयोग १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये झाले, त्यानंतरही ते पोटासाठी टॅक्सी चालवत होते.

भारताशी संबंध कसा?

यंग यांनी १९५० च्या दशकात उस्ताद अली अकबर खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि तंबोऱ्याच्या अखंड नादाने ते भारावले. त्यांच्या १९६० मधील एका रचनेत दोनच सूर आहेत, तेही आपल्या षड्ज-पंचमाच्या अंतराचे, आणि ते बराच वेळ धरून ठेवायचे आहेत. पुढे १९७० मध्ये पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले तेव्हा यंग आणि रायली त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व आणि पंडित भीमसेन जोशी यांच्यामुळे महाराष्ट्राला जवळचे असलेले हेच ते घराणे.

ग्लास यांनी १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये पंडित रविशंकर यांचे चित्रपटसंगीत पाश्चात्त्य लिपीत उतरवण्याचे काम केले. लहान लहान मात्रा जोडत मोठे आवर्तन उभे करण्याची कल्पना त्यांना तिथे सापडली. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावरचा त्यांचा ‘सत्याग्रह’ (१९८०) हा ऑपेरा तर गीतेतील संस्कृत श्लोकांवर गायला जातो.

मग हे भारतीय संगीताचेच रूप आहे का?

तसे म्हणणे घाईचे ठरेल. ‘इन सी’ ही रचना रायली प्राणनाथांकडे शिकायला जाण्याच्या कितीतरी आधीची आहे. राइश यांचा मार्ग टेपरेकॉर्डरवरील प्रयोगांतून आणि पश्चिम आफ्रिकेतील ढोलवादनातून गेला. त्यासाठी १९७० मध्ये ते घानाला गेले होते. शिवाय ख्यालात गायक राग क्षणोक्षणी फुलवतो, तर राइश यांच्या बहुतेक रचना आधीच काटेकोर लिहिलेल्या असतात. भारताकडून मिळाला तो मुख्यतः वेळेकडे पाहण्याचा धीर.

लोकप्रिय संस्कृतीत शिरकाव कसा झाला?

ब्रिटिश रॉक बँड ‘द हू’च्या ‘बाबा ओरायली’ (१९७१) या गाण्याच्या नावात दोन गुरू आहेत. एक रायली आणि दुसरे पुण्यात जन्मलेले, अहिल्यानगरजवळ मेहेराबाद येथे समाधी असलेले मेहेरबाबा. या गाण्याच्या सुरुवातीची फिरती सुरावट रायलींच्या शैलीची आठवण करून देते. पुढे ब्रायन इनो यांनी ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) मधून या प्रवाहाला वातावरणनिर्मितीकडे वळवले. ‘कोयानिसकात्सी’ (१९८२) ते ‘द अवर्स’ (२००२) अशा चित्रपटांतून ग्लास यांचे सूर घराघरांत पोहोचले. राइश यांना २००९ मध्ये पुलित्झर पुरस्कारही मिळाला.

लोकप्रियतेत काय हरवले?

झोपेसाठी, अभ्यासासाठी, ‘फोकस’साठी म्हणून आज ज्या सुरावटी वाजतात, त्यांतील अनेकींचे मूळ या शैलीत आहे. मात्र तिथे संगीत पार्श्वभूमीला असते आणि लक्ष दुसरीकडे. सुरुवातीच्या रचनांची मागणी नेमकी उलट होती. कार्नेगी हॉलमधले श्रोते चिडले, तरी निदान ते ऐकत होते. आज कोणी चिडत नाही, कारण फारसे कोणी ऐकतच नाही.

राइश यांची सुमारे तासाभराची ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ (१९७६) हेडफोन लावून, स्क्रीन बंद ठेवून ऐकली तर हा फरक लक्षात येतो. पहिली काही मिनिटे एकाच वाद्याचा माग काढला तरी पुरे. ‘इन सी’च्या वादकांनाही रायलींची सूचना हीच आहे : एकमेकांना ऐका, कोणी फार पुढे जाऊ नका आणि फार मागेही राहू नका.