लाइट गेल्यावर बॅटरीचा कारभार कोणाच्या हाती?

मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर विजेचे खांब पाडले आणि कित्येक गावं अंधारात गेली. देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरलाही पावसाळ्यात लाइट जाणं नवं नाही. अशा वेळी लॅपटॉपची उरलेली बॅटरी कशी वापरायची, हे कोणी ठरवायचं?

१९९२च्या ‘एपीएम’ या वीज-व्यवस्थापन पद्धतीत ते मुख्यतः बायोस, म्हणजे मशीनमध्येच बसवलेला मूळ प्रोग्राम, ठरवायचा. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने ‘एसीपीआय’ हे त्यासाठीचं नवं मानक आणलं. निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला, म्हणूनच आज सेटिंग्जमध्ये आपल्याला हात घालता येतो.

विंडोज १०चा बॅटरी सेव्हर मूळ सेटिंगनुसार २० टक्क्यांवर आपोआप सुरू होतो. किनाऱ्यावरच्या गावासाठी हा फार उशीर आहे. लाइट रात्रीत येईल की चार दिवसांनी, याचा अंदाज माणसाला असतो, मशीनला नाही. म्हणून लाइट जाताच सेव्हर स्वतः चालू करा आणि स्क्रीनचा उजेड उतरवा. साध्या कामात बरीच वीज स्क्रीनच खाते. मात्र सेव्हर चालू असताना मेल आणि क्लाउडवरचं सिंकिंग थांबू शकतं. अर्ज पाठवायचा असेल तर तो गेला का, हे पाहूनच झाकण मिटा.

स्लीपमध्ये रॅमला थोडी वीज लागतच राहते. हायबरनेटमध्ये काम डिस्कवर उतरतं आणि खर्च जवळजवळ थांबतो. लांबच्या अंधारासाठी हायबरनेटच निवडा.

एक गोष्ट मात्र मशीनवरच सोडा: बॅटरी अगदी तळाला गेल्यावर आपोआप हायबरनेट होण्याची सोय बंद करू नका.