श्वासाचा वशिला

सांताक्रूझ पूर्वेला प्रभात कॉलनीत ‘द योगा इन्स्टिट्यूट’ आहे. श्री योगेंद्र यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी ती वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात सुरू केली आणि पुढे ती सांताक्रूझला आली. गुहेतला आणि मठीतला योग संसारी माणसाच्या घरात आणायचा, हा योगेंद्रांचा ध्यास होता. तो बराचसा साधला. पण योगाबरोबर एक जुनी समजूतही घराघरांत आली: साधना पुरेशी झाली की शरीर मनाच्या मुठीत येतं. हृदयाला ‘थांब’ म्हटलं की ते थांबतं, रक्तदाबाला ‘उतर’ म्हटलं की तो उतरतो. शंभर वर्षांतल्या प्रयोगांनी वेगळंच दाखवलं आहे. शरीराच्या आतल्या कारभारावर मनाचा हुकूम चालत नाही. चालतो तो वशिला, आणि तोही बहुतेक वेळा श्वासाच्या ओळखीने.

हा कारभार आहे तरी केवढा? हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, घाम, पचन, शरीराचं तापमान हे सगळं आपल्या नकळत चालतं. मेंदूच्या देठातली केंद्रं, हायपोथॅलॅमस आणि स्वायत्त चेतासंस्था मिळून ते सांभाळतात. अंथरुणातून उठून उभं राहिलं की रक्त पायांकडे ओढलं जातं. मानेतल्या धमन्यांमधल्या दाब ओळखणाऱ्या चेता काही क्षणांत मेंदूला खबर देतात, ठोके थोडे वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि भोवळ टळते. हे काम मनाकडे सोपवलं असतं, तर दूधवाल्याला दार उघडायला उठलेला माणूस दारापर्यंत पोचला नसता.

या सगळ्यात श्वास तेवढा वेगळा, कारण त्याला दोन धनी आहेत. झोपेत तो मेंदूचा देठ चालवतो. बोलताना, गाताना, प्राणायाम करताना मेंदूच्या वरच्या भागाकडून आज्ञा सुटतात. हे दोन मार्ग खरोखर निराळे आहेत, याचा पुरावा आजारांतून मिळतो. एका दुर्मीळ जन्मजात विकारात मूल जागेपणी ठीक श्वास घेतं, पण झोप लागली की श्वास मंदावतो. रात्री त्याला यंत्राचा आधार लागतो. उलट, मेंदूच्या देठाला विशिष्ट जागी इजा झालेल्या काही रुग्णांना सांगून दीर्घ श्वास घेता येत नाही, पण त्यांचा नेहमीचा श्वास बिनचूक चालू असतो. यांतला थोरला धनी कोण, हे श्वास रोखून पाहिलं की कळतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि एका टप्प्यावर निश्चय कोलमडतो.

मग हृदय थांबवणाऱ्या योग्यांचं काय? हा आक्षेप जुना आहे आणि त्याची तपासणीही झाली आहे. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ भारतात आल्या. एका योग्याच्या हृदयाच्या विद्युत आलेखातल्या लाटा जवळजवळ सपाट झाल्याचं त्यांनी नोंदवलं आणि खळबळ उडाली. पुढे वेंगर व बागची हे अमेरिकेतले संशोधक आणि दिल्लीचे डॉ. बी. के. आनंद यांनी असे दावे करणाऱ्यांना पुन्हा तपासलं. त्यांचा निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू जोरात आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. नाडी हाताला लागत नाही, ठोके ऐकू येत नाहीत. पण विद्युत आलेख मात्र चालूच राहतो. थांबलं होतं ते हृदय नव्हे, त्याचा आवाज. याच संशोधकांना कपाळावर हवा तेव्हा घाम आणणारा एक योगीही भेटला. हिमालयातल्या थंडीत त्याने उष्णतेचं चिंतन करण्याचा सराव केला होता. म्हणजे त्यानेही घामाला आज्ञा दिली नव्हती. मनात ऊन उभं केलं होतं.

अलीकडचा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये विम हॉफ या प्रशिक्षकांच्या पद्धतीने तयार झालेल्या स्वयंसेवकांना जिवाणूंचं विषद्रव्य टोचलं, तेव्हा त्यांना इतरांपेक्षा कमी त्रास झाला. इथे तरी इच्छाशक्ती जिंकली, असं वाटेल. पण घडलं ते असं: वेगाने श्वास घेणं आणि रोखणं यांमुळे त्यांच्या रक्तात ॲड्रिनॅलिन वाढलं, आणि त्यामुळे दाह दबला. पुन्हा वाट श्वासाचीच.

यावर कोणी म्हणेल, मग ही नुसती श्वासाची करामत. तिच्यात विशेष ते काय? विशेष हे की वशिला खरोखर कामाला येतो. श्वास सोडताना व्हेगस चेतेचा प्रभाव वाढून ठोके किंचित मंदावतात. मिनिटाला साधारण सहा श्वास या लयीत रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक सजग होते. मंत्रजप आणि ख्रिस्ती जपमाळ या दोन्हींची लय तिथेच पोचते, असं २००१ मध्ये एका इटालियन अभ्यासात दिसलं. मुंबईतच के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनेकांचा दाब उतरल्याचं आढळलं. अभ्यास लहान होता, आणि त्यावरून गोळ्या परस्पर बंद करणं हा शहाणपणा नव्हे. पण निवडलेलं आसन लक्षात घ्यावं: शवासन. त्यात करायचं ते एवढंच की काही करायचं नाही.

वशिल्याचाही अतिरेक होतो. पाण्यात सूर मारण्याआधी काही जण भराभर श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो आणि धोक्याची घंटा उशिरा वाजते. त्याआधीच शुद्ध हरपून पाण्याखाली जीव गेल्याची उदाहरणं आहेत. मनाने पहारेकऱ्याला गुंगी दिली, की घर राखायला मन एकटं पुरत नाही. संसारी माणसाने श्वासाकडून शिकायचं ते मर्यादेचं भान: दार ठोठवावं, आतल्याला सवड द्यावी, पण कारभार त्याच्याच हाती राहू द्यावा.